मदतीची कथा कोण सांगतो?

'मानवतावाद' हा शब्द मराठी समीक्षेत फार सढळ हाताने वापरला जातो. एखाद्या कृतीत करुणा दिसली की तिच्यावर हा शिक्का मारायचा आणि मोकळे व्हायचे, अशी आपल्या समीक्षकांची रीत आहे. ती करुणा कोणापर्यंत पोहोचली आणि कोणापाशी येऊन अडली, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. हा प्रश्न केवळ साहित्याचा नाही. यादवीने फाटलेल्या देशात परकी फौजा धान्य घेऊन उतरतात, तेव्हाही तो तसाच उभा राहतो. सोमालियाचे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. त्याचा एक धागा आपल्या कोकणापर्यंतही येतो.

जानेवारी १९९१ मध्ये सियाद बारेची राजवट कोसळली आणि सोमालियात जमातीजमातींत युद्ध पेटले. पाठोपाठ आलेल्या दुष्काळात लाखांवर माणसे मेली. बाहेरून अन्न येत होते, पण बंदरावर आणि रस्त्यांवर सशस्त्र टोळ्या ते लुटत होत्या, वाट सोडण्यासाठी खंडणी घेत होत्या. डिसेंबर १९९२ मध्ये सुरक्षा समितीने ठराव केला आणि अमेरिकेच्या नेतृत्वाखाली फौजा उतरल्या. मे १९९३ मध्ये ही जबाबदारी संयुक्त राष्ट्रांकडे गेली. ऑक्टोबरात मोगादिशूच्या लढाईत अठरा अमेरिकन सैनिक मारले गेले. मार्च १९९४ पर्यंत अमेरिका निघून गेली, मार्च १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रेही परतली.

या साऱ्या प्रकरणातून जगाच्या स्मरणात उरला तो २००१ सालचा 'ब्लॅक हॉक डाउन' हा चित्रपट. त्यात अमेरिकन सैनिकाला नाव आहे, घर आहे, भीती आहे. सोमाली माणूस मात्र बंदूक घेऊन धावणारी गर्दी आहे. त्या लढाईत शेकडो सोमाली मेले, पण त्यांच्या मरणाला चेहरा नाही. ज्यांच्या भुकेसाठी हा खटाटोप झाला ते आरंभी प्रेते म्हणून दिसतात आणि मग कथेतून नाहीसे होतात. उपकारकर्ता नायक झाला की उपकृत हा देखावा होतो. आपल्याकडील हरिजनोद्धाराच्या कथा ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना ही रचना अनोळखी वाटणार नाही.

मग भुकेने मेले कोण? बैदोआच्या आसपासचे रहनवेन शेतकरी आणि जुब्बा खोऱ्यातले बांटू कष्टकरी यांना या दुष्काळाचा सर्वात मोठा तडाखा बसला. बांटूंपैकी अनेकांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात गुलाम म्हणून तेथे आणले गेले होते. त्यांच्या केसांवरून त्यांना हिणवले जाई. गुरे राखणाऱ्या बलिष्ठ जमाती रहनवेनांनाही खालचे लेखत. या लोकांजवळ पुरेशी शस्त्रे नव्हती आणि सत्तेत त्यांचे कोणी नव्हते. त्यांच्या कणग्या आलटून पालटून साऱ्याच सैन्यांनी लुटल्या. पाऊस सर्वांवरच रुसला होता, पण भूक उतरंड पाहून आली.

१९९३ मध्ये याच मुलखात भारताची ब्रिगेड गेली. तीत महार रेजिमेंटची एक पलटण होती. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून विनंतीपत्र लिहिणारे गोपाळ बाबा वलंगकर आपल्याच जिल्ह्यातले, महाडकडचे. रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये, बेळगावला. आज तीत इतर समाजांचेही जवान आहेत, आणि गणवेश घातल्याने कोणी आपोआप न्यायी होत नाही. तरीही ज्यांच्या आज्यापणज्यांना गावाच्या पाणवठ्यावर मज्जाव होता त्यांचे वारस धान्याच्या गाड्यांना पहारा देतात, तेव्हा त्यांना जे दिसते ते मोगादिशूवर घिरट्या घालणाऱ्या कॅमेऱ्याला दिसणार नाही. त्यांची साक्ष मराठीत यायला हवी. ती शौर्यगाथा म्हणून नको. रांगेत कोण पुढे होते आणि कोण रांगेपर्यंत पोहोचलेच नाही, याची नोंद म्हणून हवी.

'भुकेल्याला आधी भाकरी द्या, चिकित्सा नंतर करा', असे काही सज्जन म्हणतील. भाकरी आधीच द्यायला हवी, आणि सोमालियात तिने असंख्य जीव वाचवलेही. पण ती कोणाच्या हातून आणि कोणत्या यादीप्रमाणे वाटायची, हे वाटतानाच ठरत असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे फाळणीच्या धुमाळीतच ओळखले होते. डिसेंबर १९४७ मध्ये, स्वतः कायदेमंत्री असताना, त्यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहिले. पाकिस्तानातील अस्पृश्यांना तेथून निघू दिले जात नाही, कारण त्यांची हलकी कामे तेथे हवी आहेत, ही त्यातली एक तक्रार. दुसरी तक्रार आपल्या बाजूची होती. निर्वासितांच्या छावणीत राहील त्यालाच शिधा आणि कपडे, असा नियम होता, आणि भेदभावामुळे अस्पृश्य निर्वासितांना छावणीत राहणेच अशक्य झाले होते. नियमात जातीचा उल्लेख नव्हता. तरी त्याने अस्पृश्यालाच वगळले.

हा नियम आजही निरनिराळ्या रूपांत जगतो आहे. आमच्या रोहा-पेणच्या पट्ट्यात पूर आला की मदतीचा ट्रक डांबरी रस्ता संपतो तिथे थांबतो. कातकऱ्यांची वाडी त्याच्या पुढे असते. ट्रक पाठवणाऱ्याच्या मनात पाप नसते, पण वाडी कुठे आहे हे त्याला ठाऊक नसते आणि ज्यांना ठाऊक असते ते सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून येते ते वाटणाऱ्यांचे.

म्हणून मदतीवर लिहिणाऱ्याने दात्याच्या हेतूपाशी थांबू नये. वाटपाची यादी कोणी केली, तीत कोणाची नावे नाहीत आणि ज्यांची नाहीत त्यांना ती पाहण्याचा व बदलण्याचा हक्क आहे काय, हे त्याने विचारावे. तो हक्क नसेल तोवर त्या मदतीला दया म्हणावे. मानवता हा शब्द तिच्यासाठी वापरू नये.

— निडी, जि. रायगड