उलटा चुंबक आणि पीटर ग्रीनचा स्वर

विजेच्या गिटारीच्या नादाविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यातले निम्म्याहून अधिक यंत्राविषयीच असते. तारांखाली बसविलेल्या ज्या भागाला पिकअप म्हणतात, त्याचे वेढे वाढवावेत की कमी करावेत, चुंबक बदलावा की तोच ठेवावा, याची चर्चा वादक मंडळी इतक्या हिरिरीने करतात की प्रत्यक्ष वादन हा गौण विधी ठरावा. या हौसेची टवाळी करण्याचे कारण नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीला कानस लावून जवारी काढतो, किंवा गायक तारेखाली सुताचा दोरा पुढेमागे सरकवीत बसतो, तेव्हा तेही याच जातीचा उद्योग करीत असतात. परंतु अशा उद्योगाने वाद्याला जे मिळते ते वादकालाही मिळतेच, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत तपासून पाहावयाचे, तर पीटर ग्रीन या इंग्रज वादकाच्या गिटारीइतके दुसरे उदाहरण नाही.

पिकअपची रचना साधी आहे. चुंबकाभोवती केसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे दिलेले असतात. वर पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते. वेढे वाढविले तर आवाज जोरकस होतो, मात्र त्याची वरची झळाळी मंदावते. एकाच वेटोळ्याचा पिकअप भोवतालच्या वीजप्रवाहाची गुणगुणही टिपतो. ती घालविण्यासाठी गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन वेटोळी अशा रीतीने जोडली की, गुणगुण परस्परांत मिटावी व तारेचा नाद मात्र दुणावावा. ग्रीनजवळच्या १९५९ च्या लेस पॉल गिटारीत असे दोन पिकअप होते. पैकी मानेकडील पिकअपचा चुंबक उलटा होता.

याचा परिणाम मोठा चमत्कारिक आहे. दोन्ही पिकअप एकत्र चालविले की, एकाची वीज दुसऱ्याच्या विजेतून वजा होते. स्वराचा मूळ, भरदार अंश दोन्ही ठिकाणी जवळजवळ सारखाच असल्याने तो बव्हंशी मिटतो. वरचे उपस्वर जागोजाग निराळे असल्याने तेवढे उरतात. नाद पोकळ, किंचित नाकातला होतो, जणू शेजारच्या खोलीतून यावा तसा. ग्रीनने पिकअप काढून उलट्या तोंडाने परत बसविला म्हणून हे घडले, अशी एक कथा सांगतात. ती टिकत नाही. आख्खा पिकअप फिरविल्याने वजाबाकी होत नाही; त्यासाठी आतला चुंबक तरी उलटावा लागतो, नाहीतर जोडतारांची अदलाबदल तरी करावी लागते.

आता खरी गोष्ट पाहा. एकच पिकअप चालू असेल, तर या उलटेपणाचा कानाला पत्ताही लागत नाही. दोन्ही चालू असले आणि दोघांचा जोर सारखा असला, तर नाद सर्वांत कृश होतो. एकाची कळ थोडी उतरविली की अंगात मांस येऊ लागते. म्हणजे हा नाद म्हणून जे काही आहे, ते चुंबकात ठेवलेले नाही. दोन कळांच्या प्रमाणात, पर्यायाने बोटांत व कानात आहे. ‘द सुपरनॅचरल’ (१९६७) या जॉन मेयॉलच्या संचातील ग्रीनच्या वादनात ध्वनिवर्धकाचा आवाज तारेवर परत येऊन एकच स्वर दीर्घ काळ तेवत राहतो. हे कोणता चुंबक करून देणार? वर्धकापासून किती अंतरावर उभे राहावे, हे ज्याला कळते त्यालाच ते साधते.

ही गिटार १९७० नंतरच्या काळात गॅरी मूर या आयरिश वादकाकडे गेली आणि समीक्षकाला जी संधी सहसा मिळत नाही ती मिळाली. मूरने १९९५ मध्ये ‘ब्लूज फॉर ग्रीनी’ ही संपूर्ण तबकडी ग्रीनच्या गाण्यांना वाहिली. तीत ‘नीड युवर लव्ह सो बॅड’ हे लिटल विली जॉनचे जुने गीतही आहे. ते ग्रीनने १९६८ मध्ये फ्लीटवुड मॅकबरोबर, मागे व्हायोलिनांचा मेळ ठेवून गायिले होते. लाकूड तेच, तारांखालचा चुंबक तोच. आणि तरीही पहिल्या काही स्वरांतच माणूस बदलल्याचे कळते. मूर येथे एरवीपेक्षा पुष्कळ संयत आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. त्याचा आदरही खरा वाटतो. पण त्याचा हात रिकामी जागा दिसली की ती भरू पाहतो. ग्रीन दोन वाक्यांमध्ये थांबतो. ते थांबणे लाजाळू माणसाच्या बोलण्यातले असते. पुढचा शब्द येईल की नाही, अशी धाकधूक ऐकणाऱ्याला लागून राहते. स्वर लावतानाही तो तार जेमतेम छेडतो, मग हलकेच कंप देतो. मूरचा कंप रुंद व आवेशाचा आहे. एकाला आपण ऐकतो, दुसऱ्याकडे पाहतो, असे म्हटले तर फार अन्याय होऊ नये.

मूरने २००६ मध्ये ती विकली. २०१४ पासून ती मेटॅलिका संचातील कर्क हॅमेटकडे आहे, म्हणजे अगदी निराळ्याच, गडगडाटी संगीतात. अलीकडे गिब्सननेच तिच्या प्रतिकृती काढल्या; उलट्या चुंबकाचे पिकअपही तयार मिळतात. ते जरूर घ्यावेत. पोकळ नाद हा एक सुंदर रंग आहे आणि रंग विकत घेण्यात कमीपणा नाही. मात्र घेणाऱ्याने दोन्ही कळा एकदम शेवटपर्यंत चढवून ठेवू नयेत. ग्रीनचा म्हणून जो स्वर ओळखला जातो, तो कळ अर्धवट उतरलेली असताना, मधल्या कुठल्याशा जागी आहे, आणि ती जागा कोणत्याही खोक्यावर छापलेली नाही.