हात लावण्याआधी: मॉलमधल्या टच पूलबद्दल

(देवनार येथील मासिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचे वळण शक्यतो तसेच ठेवले आहे.)



मागच्या महिन्यात आजचा विषय जाहीर झाला, तेव्हा बाहेर चहा घेताना एका गृहस्थांनी मला गाठलं. म्हणाले, "सर, आपण देवनारला बसलोय. इथून हाकेच्या अंतरावर कत्तलखाना आहे, १९७१ पासून चालू आहे. आणि तुम्ही मॉलमधल्या माशांच्या टाकीवर तासभर बोलणार?" मी हसलो. पण घरी जाताना प्रश्न माझ्याबरोबर रिक्षात बसला. त्यात भर म्हणजे मी स्वतः मासे खातो. पावसाळ्यात सुके बोंबील नसतील तर आमच्याकडे जेवण अळणी वाटतं. तेव्हा हा माणूस कुठल्या तोंडाने बोलणार, हा आक्षेप मी आधीच मांडून ठेवतो. त्याचं उत्तर देता आलं नाही, तर बाकीचं सगळं बोलणं फुकट आहे.

आधी प्रसंग सांगतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातीला घेऊन एका मॉलमध्ये गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका मॉलचा नाही. वरच्या मजल्यावर, खाण्याच्या दुकानांशेजारी, कमरेइतक्या उंचीची एक उथळ टाकी. आत काही तारामासे, छोटे खेकडे, दोन पाकटं आणि बरेच रंगीत मासे. तिकीट काढायचं, बाह्या वर करायच्या आणि हात घालायचा. पलीकडे त्याच तिकिटात पाय घालायची सोय, म्हणजे आपला फिश स्पा. वर मोठ्याने गाणी चालू, निळे-जांभळे दिवे.

नातीचा हात धरून पाण्यात मीच घातला, हे कबूल करतो. तिने तारामाशाला बोट लावलं, म्हणाली "खरखरीत आहे", हात फ्रॉकला पुसला आणि पुढच्या खेळाकडे निघाली. सगळा मिळून एक मिनिटसुद्धा नाही. तेवढ्यात एका मुलाने दुसरा तारामासा पाण्याबाहेर काढून डोक्यावर ठेवला. आईने फोटो काढला, नीट आला नाही म्हणून परत काढला. टाकीपाशी उभा असलेला विशीतला पोरगा "पानी में रखो, पानी में रखो" म्हणत होता, पण गाण्यांत त्याचं कोण ऐकणार? मी त्याच्याशी बोललो. मानखुर्दहून येतो. त्याला शिकवलं काय होतं, तर तिकीट फाडायचं आणि जाळी वापरायची. जाळी कशाला? तर सकाळी मॉल उघडण्याआधी रात्रीतून मेलेले बाहेर काढायला.

त्या जाळीमुळे हे व्याख्यान होतंय.

आता अशा टाकीत नेमकं बिघडतं काय, ते थोडक्यात बघू. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. आपल्याला तो किळसवाणा वाटतो, पण ती त्याची ढाल आहे. कोरड्या हाताने, सॅनिटायझर लावलेल्या हाताने तो थर निघाला की जंतूंना वाट मोकळी. दुसरं, माशाच्या दोन्ही कुशींवर पार्श्वरेखा नावाचं इंद्रिय असतं. पाण्यातली बारीकशी थरथर त्याला त्यातून कळते. म्हणजे टाकीच्या काचेवर टकटक केली की ती त्याच्या अंगावरच होते. तिसरं पाणी. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू गाळणीत वाढायला काही आठवडे लागतात. मॉलला मात्र शनिवारपर्यंत टाकी भरलेली हवी असते. आणि चौथी गोष्ट, लपायला जागा. टच पूलमध्ये ती मुद्दामच ठेवत नाहीत, कारण प्राणी लपला तर गिऱ्हाईक हात कशाला लावणार?

कुणी म्हणेल, हे तुमच्या एका मॉलचं झालं. मोठ्या, चांगल्या संस्था हे नीट करतात. बरोबर आहे. शिकागोच्या शेड मत्स्यालयातल्या संशोधकांनी टच पूलमधल्या पाकटांचा अभ्यास केला आणि हाताळण्यामुळे त्यांची तब्येत बिघडल्याचं त्यांना दिसलं नाही. तिथे पशुवैद्य आहेत, जागा मोठी आहे, पाकटाला नको असेल तर ते दूर जाऊ शकतं. हा पुरावा माझ्या विरोधातला आहे आणि तो मी लपवत नाही. पण त्याच शिकागोच्या उपनगरात ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालय आहे. तेही नावाजलेलं आहे. तिथल्या टच पूलमध्ये जुलै २०१५ मध्ये पाण्यातला प्राणवायू अचानक कमी झाला आणि ५४ पाकटं मेली. जिथे तज्ज्ञ हजर होते तिथे हे घडलं. मग जिथे एक पोरगा आणि एक जाळी आहे, तिथे काय होत असेल?

अमेरिकेत तर मॉलमधल्या अशा मत्स्यालयांची साखळीच निघाली होती, सीक्वेस्ट नावाची. तिकीट काढा, खाद्य विकत घ्या, प्राण्याला हाताने भरवा. प्राण्यांच्या मृत्यूबद्दल आणि लोकांना झालेल्या चाव्यांबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी आल्या, एकेक शाखा बंद होत गेल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आणि हे फार दूरचं समजू नका. भायखळ्याच्या राणीच्या बागेतले पेंग्विन आठवतात ना? जुलै २०१६ मध्ये आठ आले. ते दक्षिण ध्रुवावरून नाही, सोलच्या कोएक्स मत्स्यालयातून आले, आणि ते मत्स्यालय मॉलमध्येच आहे. त्यातला एक ऑक्टोबरमध्ये, म्हणजे लोकांना दाखवायच्या आधीच, गेला. आपण त्या वेळी भांडलो ते खर्चावरून आणि राजकारणावरून. प्राणी मॉलमधून आला, यात काही विचित्र आहे असं फारसं कुणाला वाटलं नाही.

आता समर्थनांकडे येतो. मला तीन ऐकू येतात.

पहिलं: माशाला कुठे काय कळतं? हे आपण फार सहज म्हणतो. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये ट्राउट माशांवर प्रयोग केले. ओठांत झोंबणारा पदार्थ टोचल्यावर मासे खाणं सोडत होते, तोंड तळाच्या खड्यांवर घासत होते. ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया म्हणायची का? ब्रायन की यांच्यासारखे शास्त्रज्ञ म्हणतात, माशाला आपल्यासारखं मेंदूचं बाह्यक नाही, तेव्हा वेदनेची जाणीव नाही. वाद मिटलेला नाही. पण वाद मिटलेला नसताना माणसाने वागायचं कसं, हा प्रश्न शास्त्राचा नाही, नीतीचा आहे. झुडपामागे हललं ते जनावर की माणूस, हे ठाऊक नसेल तर शिकारी बार टाकत नाही. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे, शेवंड आणि ऑक्टोपस यांनाही संवेदनशील प्राणी मानलं, ते याच विचाराने.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार जुना आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात जीवांची वर्गवारी इंद्रियांवरून केलेली आहे. शंख, कृमी यांना दोन इंद्रियं, मुंगीला तीन, भुंग्याला चार, मासा आपल्यासारखाच पंचेंद्रिय. पण सगळ्यात खालच्या जीवालाही, ज्याला एकच इंद्रिय आहे त्यालाही, कुठलं इंद्रिय दिलंय बघा. स्पर्श! बाकी काही नसलं तरी स्पर्श आहेच. मी जैन नाही, त्यातलं मोक्षशास्त्र बाजूला ठेवतो. पण निरीक्षण फार अचूक आहे. आपण ज्याला हात लावतो, तोही आपल्या हाताचा स्पर्श अनुभवत असतो. टच पूलच्या जाहिरातीत स्पर्श फक्त गिऱ्हाइकाचा असतो. पलीकडच्या बाजूला स्पर्शाचं इंद्रिय आहे, हे तिथे विसरायला लावलं जातं.

दुसरं समर्थन शिक्षणाचं. मुलांना निसर्गाची ओढ लागते, हात लावल्याशिवाय प्रेम कसं बसणार? याची मला सहानुभूती आहे. तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडलं. माझ्या पिढीने समुद्राच्या पोटात काय असतं ते तिथेच काचेला नाक लावून पाहिलं, हे ऋण नाकारणार नाही. पण मॉलमधली मुलं शिकतात काय? माझी नात शिकली की तारामासा खरखरीत असतो. त्याचबरोबर, न सांगता, तिला आणखी एक गोष्ट शिकवली गेली: तिकीट काढलं की दुसऱ्याच्या अंगाला हात लावता येतो, आणि तो हलला नाही म्हणजे त्याची हरकत नाही. (शांतता) हा धडा माशापुरता राहतो असं तुम्हाला वाटतं का? कान्टला प्राण्यांबद्दल थेट कर्तव्य मान्य नव्हतं. तरीसुद्धा तो बजावत होता की प्राण्यांशी निर्दय वागणारा माणसांशीही तसाच वागायला लागतो. त्यासाठी तो हॉगार्थच्या १७५१ मधल्या चित्रमालिकेचा दाखला देत असे. त्या मालिकेची सुरुवात लहान मुलांनी कुत्र्याला छळण्यापासून होते आणि शेवट खुनापर्यंत जातो. मी इतकं लांब जात नाही. टच पूलमधून कुणी खुनी निघणार नाही. पण नकार देऊ न शकणाऱ्या जिवाशी कसं वागायचं, याची सवय तिथे लागते.

तिसरं समर्थन म्हणजे त्या चहावाल्या गृहस्थांचा आक्षेप. खाता ना? मग हात लावला तर काय झालं?

कत्तलखान्यांसाठी २००१ चे केंद्राचे नियम आहेत. जनावर आलं की पशुवैद्याने तपासायचं. एका पशुवैद्याने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. कत्तलीआधी जनावराला २४ तास विश्रांती द्यायची. हे नियम कितपत पाळले जातात, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण निदान कागदावर, देवनारच्या म्हशीला मरण्याआधी एक दिवसाची विश्रांती आणि एक डॉक्टर देणं लागतो असं आपण म्हटलं आहे. मॉलमधल्या तारामाशाला आपण कागदावर काय दिलं?

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव. म्हणजे मासा आला, खेकडाही आला. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. मॉलमध्ये पाण्याची बाटली त्याहून महाग आहे. (हशा) २०१७ मध्ये केंद्राने मत्स्यालयं आणि मासे विकणारी दुकानं यांच्यासाठी खास नियम काढले होते. गोल काचेच्या भांड्यात मासा ठेवायला मनाई होती. व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि नियम मागे घेतले गेले. त्या नियमांतही दोष होते, शोभिवंत मासे पाळून पोट भरणाऱ्या लहान माणसांचा विचार नीट झाला नव्हता. पण दोष दुरुस्त करायचे सोडून पाटीच कोरी केली.

तेव्हा त्या गृहस्थांना माझं उत्तर असं आहे. मासे खाणं निर्दोष आहे, असा दावा मी करत नाही. तो खटला माझ्यावर उभा आहे आणि मी अजून त्यातून सुटलेलो नाही. पण एका गोष्टीत मी दोषी आहे म्हणून दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं नाही, हा तर्क चालत नाही. तसं असतं तर आपल्यापैकी कुणालाच कशाबद्दल बोलता आलं नसतं. आणि दोन्हींत फरकही आहे. कोळी बांधव समुद्रात जातो तेव्हा त्याला मासा कशासाठी हवा ते ठाऊक असतं. पावसाळ्यात माशांच्या विणीच्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर लागतात. म्हणजे घेण्याला काही मर्यादा आहे, बदल्यात काही सोडणं आहे. टच पूलमध्ये प्राण्याचं मरणसुद्धा कुणाच्या उपयोगी पडत नाही. ते दिव्याच्या बिलासारखं खर्चात धरलेलं असतं. सकाळी जाळीने काढा, दुपारपर्यंत नवीन आणा. मला आक्षेपार्ह वाटतं ते हे.

मग करायचं काय? मी बंदीचा नारा देत नाही, कारण बंदी आली की टाकी मॉलमधून उठून मैदानावरच्या जत्रेत जाते. आधी तिकीट खिडकीवर चार प्रश्न विचारू या. पशुवैद्य कोण आणि तो कधी येतो? प्राण्याला लपायला जागा कुठे आहे? दिवसातून किती तास हात लावायची बंदी आहे? आणि गेल्या महिन्यात किती मेले, त्याची नोंद दाखवता का? परवा मी दुसऱ्या एका ठिकाणी हे विचारून पाहिलं. आधी मॅनेजरला बोलावलं गेलं, मग मला लाडू पेढ्यासारखं एक फुकट तिकीट देऊ केलं. उत्तर मात्र मिळालं नाही. पण दहा आजोबांनी विचारलं तर नोंदवही ठेवावीच लागेल. महापालिकेने परवाना देताना हेच चार प्रश्न विचारले, तर आणखी उत्तम.

आणि मुलांना न्यायचं तर न्यायला जागा आहेत. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर घेऊन जातात. खडकांमधल्या डबक्यांत समुद्रफुलं, गोगलगायी, खेकडे दाखवतात. उकिडवं बसायचं, सावली पडू न देता बघायचं. आणि लांब तरी कशाला जायचं? आपल्या डंपिंगच्या पलीकडे ठाण्याची खाडी आहे. २०१५ मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं. हिवाळ्यात हजारो पक्षी त्या चिखलात उतरतात. मी नातीला जानेवारीत तिथे नेलं. दुर्बीण एकच, तिच्यासाठी आमची ओढाताण. हात लावायला मिळत नाही म्हणून ती एकदाही रडली नाही. पाऊण तास बघत होती. परत येताना म्हणाली, "आजोबा, त्यांना माहितीच नव्हतं आपण आलोय."

मॉलमध्ये मी तिला जे शिकवलं, ते या वाक्याने बरंचसं पुसलं गेलं असं मी धरून चालतो.

वेळ संपली आहे. ते चहावाले गृहस्थ आज आले असतील तर पहिला प्रश्न त्यांचा.