कांगड्याचं मीठ: एका गाजलेल्या प्रयोगाची उलटतपासणी

आपल्याकडे मिठात आयोडीन का घालतात, हे सांगताना कांगडा खोऱ्यातल्या प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो. पण तो बहुतेक वेळा यशोगाथा म्हणूनच येतो. आज आपण तो शोधनिबंध म्हणून वाचूया. त्यातून काय सिद्ध झालं, काय झालं नाही, आणि किंमत कोणी मोजली?

थोडी पार्श्वभूमी. आपल्या थायरॉईड ग्रंथीत तयार होणाऱ्या थायरॉक्सिनच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. आयोडीन कमी पडलं की ग्रंथी जास्त राबते, वाढते आणि गळ्यावर सूज दिसते. हाच गलगंड. हिमालयाच्या पट्ट्यात हिमनद्यांनी आणि पुरांनी मातीतलं आयोडीन वाहून नेलं, त्यामुळे तिथे हा आजार पिढ्यान् पिढ्या होता.

मग १९५६ साली आयोडीनचा उपयोग माहीत नव्हता का? होता की! अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेव्हिड मरीनने १९१७ पासून शाळकरी मुलींना आयोडीन देऊन गलगंड टाळता येतो हे दाखवलं होतं. स्वित्झर्लंडमध्ये १९२२ साली आणि मिशिगनमध्ये १९२४ साली आयोडीनयुक्त मीठ सुरूही झालं होतं. पण भारतात आणखी एक मत वजनदार होतं. रॉबर्ट मॅककॅरिसनने गिलगिटमध्ये प्रयोग करून दूषित पाण्याकडे बोट दाखवलं होतं. म्हणजे ओहायोत जे खरं ठरलं ते हिमालयात खरं ठरेलच, असं गृहीत धरणं शास्त्राला धरून नव्हतं.

म्हणून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यातल्या एक लाखाहून जास्त वस्तीचे तीन विभाग केले. 'अ' विभागाला पोटॅशियम आयोडाइड घातलेलं मीठ, 'क' विभागाला पोटॅशियम आयोडेट घातलेलं, आणि मधल्या 'ब' विभागाला साधं मीठ. सुरुवातीला तिन्हीकडे सुमारे ३८ टक्के लोकांना गलगंड होता. सहा वर्षांनी 'अ' मध्ये तो १९ टक्क्यांवर आला, 'क' मध्ये १५ वर. 'ब' मध्ये मात्र ४० टक्के! १९६२ नंतर 'ब' लाही आयोडीनयुक्त मीठ मिळालं आणि १९६८ पर्यंत तिथलं प्रमाणही १७ टक्क्यांच्या आसपास उतरलं. सविस्तर निबंध १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला.

या प्रयोगाची खरी ताकद 'ब' विभागात आहे. पाणी तेच, हवामान तेच, फक्त मीठ वेगळं. आणि मीठ बदलल्यावर तिथेही उतार. पाण्याच्या सिद्धांताला याहून चांगलं उत्तर देणं अवघड होतं.

आता एक सावधगिरी. १५ हा आकडा १९ पेक्षा कमी आहे म्हणून 'आयोडेट जास्त गुणकारी' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. काढू नका. गलगंड इथे गळा हाताने चाचपून ठरवलेला आहे. ज्या 'ब' विभागात काहीच बदललं नव्हतं, तिथेही आकडा दोन टक्क्यांनी हललाच. मग चार टक्क्यांच्या फरकावर किती भरवसा ठेवायचा? शिवाय विभाग तीनच. व्यक्ती लाखभर असल्या तरी तुलना तीन एककांची आहे.

आपण आयोडेट वापरतो त्याचं कारण रसायनशास्त्रात आहे. ओलसर, अशुद्ध मिठात आयोडाइडचं हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्सिडीकरण होऊन मूलद्रव्य आयोडीन तयार होतं, आणि ते उडून जातं. आयोडेट आधीच ऑक्सिडीकृत असतं, त्यामुळे दमट हवेतही टिकतं. शरीरात त्याचं पुन्हा आयोडाइड होतं. पोत्यातून, मालगाडीतून प्रवास करणाऱ्या आपल्या मिठासाठी हा गुण निर्णायक आहे.

आता अवघड भाग. 'ब' विभागाला सहा वर्षं साधं मीठ देणं योग्य होतं का? बचाव असा की तेव्हा हिमालयातल्या बाकीच्या लोकांनाही आयोडीनयुक्त मीठ मिळत नव्हतंच, आणि पुरावा मिळाला म्हणून तर १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. हा बचाव मला अर्धाच पटतो. नियंत्रण गट हवाच होता. पण सहा वर्षं? मोठ्यांचा जुना गलगंड हळू ओसरतो हे खरं, पण शाळकरी मुलांमध्ये परिणाम लवकर दिसतो. मरीनला दोन-अडीच वर्षांत फरक दिसला होता. मुलांवर लक्ष ठेवून 'ब' ला आधीच मीठ देता आलं असतं.

हे मी का ताणतोय? कारण आयोडीनच्या कमतरतेची मोठी हानी गळ्यात होत नाही, गर्भातल्या बाळाच्या मेंदूत होते, आणि ती भरून येत नाही. न्यू गिनीतल्या चाचणीत काही कुटुंबांना आयोडीनयुक्त तेलाचं इंजेक्शन दिलं, काहींना नाही. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचार घेतलेल्या आयांच्या मुलांत क्रेटिनिझमचे सात रुग्ण सापडले, आणि त्यातल्या सहा जणांच्या आया इंजेक्शनवेळी आधीच गरोदर होत्या. म्हणजे आयोडीन गर्भधारणेच्या आधीच पोटात हवं. कांगड्याचा मुख्य मापदंड होता गलगंडाचं प्रमाण. 'ब' विभागात त्या सहा वर्षांत जन्मलेल्या मुलांचं काय झालं, याचं उत्तर त्या टक्केवारीत नाही.

आणि आज? ग्राहकाच्या हातात पोचलेल्या मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन हवं, असा आपला नियम आहे. हिशेब सोपा आहे: दिवसाला १० ग्रॅम मीठ म्हणजे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन, प्रौढाची रोजची गरज. मीठ पाच ग्रॅमवर आणलं तर किमान मात्रेतून निम्मंच मिळतं, आणि गरोदरपणी गरज २५० पर्यंत जाते. त्यामुळे 'नैसर्गिक' म्हणून सैंधव घेताना पाकिटावर आयोडीनचा उल्लेख आहे का, तेवढं नक्की बघा. घरात कोणी आई होणार असेल तर आधी बघा. साधं मीठ खाल्ल्याने काय होतं, हा प्रयोग कांगड्यात एकदा होऊन गेलाय. आपल्या स्वयंपाकघरात तो पुन्हा करायचं कारण नाही.