चाळीस फुटांचा भरवसा

विमान सेकंदाला ६५ मीटर वेगाने धावपट्टीला टेकले, ऋण त्वरण अमुक इतके. तर ते किती अंतरात थांबेल? असे उदाहरण आपण वर्गात घालतो. उत्तर येते, वही मिटते. ते ऋण त्वरण कोणी व कशावरून ठरवले, हे सहसा कोणी विचारत नाही. हा प्रश्न वर्गात उभा करायचा असेल, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा २००७ सालचा एक अपघात-अहवाल शिक्षकांनी जरूर वाचावा. तो इंग्रजीत आहे, रुक्षही आहे, पण मापनातील अनिश्चितता शिकवायला त्याच्याइतके चांगले साधन क्वचितच मिळेल.

८ डिसेंबर २००५ रोजी शिकागोच्या मिडवे विमानतळावर बर्फ पडत असताना साउथवेस्ट कंपनीचे बोइंग ७३७ उतरले. उतरण्यासाठी ५,८२६ फूट उपलब्ध होते. तेवढ्यात ते थांबले नाही. कुंपण तोडून ते रस्त्यावर गेले आणि मोटारीतला सहा वर्षांचा मुलगा दगावला.

हिशेब न करताच ते उतरले होते असे नाही. ब्रेक ‘बरे’ लागतील असे धरल्यास थांबल्यावर ५६० फूट उरतील, ‘वाईट’ धरल्यास ४० फूट, असे विमानातील संगणकाने सांगितले होते. चाळीस फूट म्हणजे बारा मीटर. विमानाची स्वतःची लांबी ११० फूट! टेकताना हवेच्या सापेक्ष वेग सुमारे १२४ नॉट होता. त्या वेगाने बारा मीटर जायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. ‘बरे’ आणि ‘वाईट’ हे शब्द मात्र आधी उतरलेल्या वैमानिकांच्या अनुभवावरून आलेले, आणि तेही एकमेकांशी न जुळणारे.

पाठीमागून वारा ८ नॉटचा होता. ‘वाईट’ स्थितीसाठी संगणकाने हिशेबात धरला ५ नॉटचा, कारण कंपनीची मर्यादा तेवढीच होती. विद्यार्थ्यांना हे करून पाहू द्या: १२९ ऐवजी १३२ नॉट घेतले, तर वेगाचा वर्ग जवळजवळ पावणेपाच टक्क्यांनी वाढतो. थांबण्याचा पल्ला ४,००० फूट धरला तरी ढोबळ वाढ १९० फुटांची. चाळीस फूट कुठल्या कुठे गेले! हिशेबात कोणती गृहीतके धरली आहेत हे संगणक दाखवत नव्हता, यावर अहवालाने नेमके बोट ठेवले आहे.

निष्कर्षाशी मात्र माझा थोडा वाद आहे. इंजिनाचा झोत पुढे वळवणारे रिव्हर्सर वैमानिकांनी वेळेवर वापरले नाहीत, हे मंडळाने मुख्य कारण ठरवले. हिशेबात सुरक्षेसाठी जादा अंतर न धरणे हे साहाय्यक कारणांत गेले. रिव्हर्सर पूर्ण उघडायला टेकल्यापासून सुमारे १८ सेकंद गेले हे खरे. टायर व बर्फ यांच्यातील घर्षणावर त्यांचा जोर अवलंबून नसतो, म्हणून निसरड्यावर त्यांचे मोल अधिक, हेही खरे. पण माणसाचा हात थोडा उशिरा चालणारच नाही असे धरून केलेला हिशेब मुळातच कच्चा होता. मंडळाने १५ टक्के जादा अंतर धरण्याचा आग्रह धरला, तो याच कारणाने ना? मग क्रम उलटा हवा होता.

या अपघातानंतर धावपट्टीच्या स्थितीला ६ ते ० असे अंक देण्याची पद्धत तयार झाली. नोव्हेंबर २०२१ पासून ती आंतरराष्ट्रीय झाली. कोरडी धावपट्टी ६, ओली ५. साचलेले पाणी ३ मिलिमीटरच्या वर गेले की एकदम २. शब्दांपेक्षा हे बरे, कारण आता पाहणारे काय पाहतात हे ठरलेले आहे. पण हे अंक म्हणजे घर्षणांक नव्हेत. ४ म्हणजे २ च्या दुप्पट पकड नव्हे, आणि पाहणी झाल्यावर पडलेला पाऊस त्यांत नसतो. आपल्याकडे मुसळधार पावसात तीन मिलिमीटर पाणी साचायला किती मिनिटे लागतात, हे शाळेच्या गच्चीवर पट्टी ठेवून मोजता येईल.