मुराशिगे-स्कूग माध्यम : एक परीक्षण

मुराशिगे व स्कूग यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या संवर्धन-माध्यमाचे मोल निर्विवाद आहे. तंबाखूच्या ऊतींची वाढ त्यावर पूर्वीच्या माध्यमांपेक्षा कितीतरी जलद होते. परंतु ते तंबाखूसाठी सिद्ध केले होते, हे मूळ निबंधाच्या शीर्षकातच नमूद आहे; अभ्यासक मात्र ते बहुतेक वनस्पतींना सरसकट लावतात. त्यात लिटरमागे १६५० मिलिग्रॅम अमोनियम नायट्रेट असते. लॉइड व मॅकाऊन यांनी १९८० मध्ये काष्ठमय वनस्पतींसाठी मांडलेल्या माध्यमात ते केवळ ४०० मिलिग्रॅम आहे. म्हणून एखादी ऊती वाढली नाही, तर दोष ऊतीचा की क्षारांच्या प्रमाणाचा, हे पडताळल्यावाचून ती वनस्पती संवर्धनास अयोग्य ठरविणे अशास्त्रीय होय.