इन्सुलिनची सुई आणि मधुमेहाची गोळी : एका शोधनिबंधाचे परीक्षण

मधुमेहाचा पाठ शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "सर, इन्सुलिन टोचूनच का घ्यायचं? गोळी का नाही?" उत्तर आपल्याजवळ तयार असते. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. ते गिळले तर डाळीतल्या प्रथिनांप्रमाणे त्याचेही पचन होऊन जाते. उत्तर बरोबरच आहे. पण लगेच एखादी चुणचुणीत मुलगी म्हणते, "माझे आजोबा तर मधुमेहाची गोळीच घेतात!" इथे शिक्षकाची खरी कसोटी लागते. कारण आजोबांच्या गोळीत इन्सुलिन नसते, हे सांगून भागत नाही. ती मग करते काय, आणि ती कोणाला चालते, कोणाला नाही, हेही सांगावे लागते.

या प्रश्नाचे उत्तम उत्तर देणारा एक शोधनिबंध ऑगस्ट २००६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. इवन पिअर्सन हे त्याचे पहिले लेखक. इंग्लंडमधील एक्सेटरचे अँड्र्यू हॅटर्सली आणि ऑक्सफर्डच्या फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट यांचाही त्यात सहभाग होता. शीर्षकाचा आशय असा : 'किर ६.२ या प्रथिनातील उत्परिवर्तनांमुळे मधुमेह झालेल्या रुग्णांत इन्सुलिनऐवजी तोंडाने घेण्याच्या सल्फोनिलयुरिया गोळ्या'. या शीर्षकात एक अट आहे. निबंधाचे सारे मोल त्या अटीत आहे, आणि निबंधाची कथा सांगताना नेमकी तीच गाळली जाते. म्हणून हे परीक्षण.

आधी पार्श्वभूमी पाहू. स्वादुपिंडातील बीटा पेशी रक्तातील साखर कशी ओळखतात? ग्लुकोज पेशीत शिरते, त्याचे ज्वलन होते आणि एटीपी हे ऊर्जावाहक रेणू वाढतात. पेशीच्या आवरणात पोटॅशियमला बाहेर जाऊ देणाऱ्या बारीक वाटा असतात. एटीपी वाढले की या वाटा बंद होतात, आवरणाचा विद्युतदाब बदलतो, कॅल्शियम आत येते आणि साठवलेले इन्सुलिन बाहेर पडते. बीटा पेशीतील ही वाट ग्लुकोजमुळे बंद होते, हे अ‍ॅशक्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले. किर ६.२ हा याच वाटेचा एक भाग आहे.

२००४ मध्ये हॅटर्सली यांच्या गटाने जन्मानंतर लवकरच मधुमेह झालेल्या आणि तो कायम राहिलेल्या २९ रुग्णांची तपासणी केली. त्यांपैकी १० जणांत किर ६.२ चे जनुक बदललेले आढळले. त्यांच्या बीटा पेशी जिवंत होत्या, इन्सुलिनही तयार करत होत्या. पण वाट एटीपीला दाद देत नव्हती. साखर कितीही वाढो, वाट उघडीच. इन्सुलिन कोठारात भरलेले आणि कोठाराला कुलूप, अशी ही अवस्था. हे रुग्ण तोपर्यंत 'इन्सुलिनवाचून न जगणारे' म्हणूनच ओळखले जात.

सल्फोनिलयुरिया औषधे हीच वाट एटीपीची वाट न पाहता बंद करतात. त्यांचा शोध अपघाताने लागला. १९४२ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे मार्सेल झांबाँ विषमज्वराच्या रुग्णांना एक नवे सल्फा औषध देत होते. काही रुग्णांची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरली. ऑगस्त लुबातिएर यांनी मग कुत्र्यांवर प्रयोग केले. स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्यात या औषधाचा काहीच परिणाम झाला नाही. या एका निरीक्षणात पुढच्या सगळ्या कथेचे मर्म आहे. गोळी इन्सुलिन पुरवत नाही. असलेले इन्सुलिन बाहेर काढते. जिथे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नाहीत, तिथे ती हतबल आहे.

आता निबंधाकडे वळू. किर ६.२ चे उत्परिवर्तन असलेल्या ४९ रुग्णांना, निवडानिवड न करता ओळीने घेऊन, सल्फोनिलयुरिया देण्यात आले. ४४ जणांचे इन्सुलिन पूर्ण थांबले. ग्लायकेटेड हिमोग्लोबिन, म्हणजे मागील काही आठवड्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशक, ८.१ टक्क्यांवरून १२ आठवड्यांत ६.४ टक्क्यांवर आला. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. हा निर्देशक तिच्यातील हिमोग्लोबिनवर मोजला जातो. मग मोजणी चार दिवसांनी न करता १२ आठवड्यांनी का केली, हे त्यांनाच विचारावे.

निबंधाचा सर्वांत मोठा गुण असा की तो आकड्यांवर थांबत नाही. गोळीने साखर सुधारली तर अधूनमधून ती फार खाली का जात नाही, ही रास्त शंका लेखकांनी स्वतःच काढली. तपासात दिसले की, गोळी सुरू असताना शिरेतून दिलेल्या ग्लुकोजला इन्सुलिनचा प्रतिसाद थोडाच मिळतो, पण तोंडाने दिलेल्या ग्लुकोजला तो कितीतरी जास्त मिळतो. अन्न आतड्यात आले की तिथली संप्रेरके बीटा पेशींना हाक देतात. वाट उघडी असताना ही हाक व्यर्थ जात होती; गोळीने वाट बंद केल्यावर ती ऐकू येऊ लागली. म्हणून इन्सुलिन जेवणाच्या वेळी बाहेर पडू लागले. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनला असा काळवेळ कळत नाही.

दुसरा गुण म्हणजे अपयशाची नोंद. पाच जणांचे इन्सुलिन थांबले नाही, ही गोष्ट निबंध झाकत नाही. प्रयोगशाळेत ज्या उत्परिवर्तित वाटा औषधाने नीट बंद होत नव्हत्या, त्या असलेल्या रुग्णांतही गोळीचा परिणाम कमी होता. रुग्णशय्येवरचे आणि प्रयोगशाळेतले निष्कर्ष असे जुळणे हा सिद्धान्ताचा भक्कम पुरावा आहे.

दोषही सांगायला हवेत. तुलनेसाठी वेगळा गट नाही. प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याच आधीच्या स्थितीशी आहे. जे रुग्ण जन्मापासून इन्सुलिनवर होते त्यांचे इन्सुलिन बंद होणे, एवढ्या ठळक परिणामाला हा आक्षेप फारसा लागू होत नाही. पण साखरेतील सुधारणेचा काही अंश वाढीव देखरेखीचा असू शकतो, ही शक्यता उरते. दुसरी उणीव कालावधीची. एक वर्षापर्यंत लाभ टिकला, एवढेच निबंध सांगू शकत होता. ही औषधे काही वर्षांनी निष्प्रभ होतात की काय, याचे उत्तर त्यात नव्हते. ते २०१८ मध्ये मिळाले. सुमारे दहा वर्षे पाठपुरावा केलेल्या ८१ रुग्णांपैकी ७५ जण केवळ सल्फोनिलयुरियावर होते. मात्र हीच वाट मेंदूतही असल्याने अनेकांना असलेले मज्जासंस्थेचे विकार गोळीने पूर्ण बरे झाले नाहीत. निम्म्याहून अधिक जणांत ते राहिले. 'चमत्कार' हा शब्द वापरणाऱ्यांनी हे वाक्यही वाचावे.

माझा मुख्य आक्षेप निबंधावर नाही, त्याच्या पुनर्कथनावर आहे. 'मधुमेही मुलांची सुईपासून सुटका' अशा थाटात ही कथा सांगितली की शीर्षकातली अट गळून पडते आणि श्रेय एखाद्या नव्या औषधाला जाते. औषध जुनेच होते. निदान नवे होते. नवजात वयातला मधुमेह साधारण लाखभर जन्मांमागे एकाला होतो. मुलांमध्ये नेहमी आढळणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह वेगळा. त्यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच बीटा पेशी नष्ट करते. ते मूल म्हणजे लुबातिएर यांचा स्वादुपिंड नसलेला कुत्रा. वाट बंद करायला पेशीच उरलेली नसते. अशा मुलाचे इन्सुलिन कोणी थांबवले तर रक्तात कीटोन आम्ले साठतात आणि थोड्याच दिवसांत, कधी एक-दोन दिवसांतही, जीव धोक्यात येतो.

हा धोका कागदावरचा नाही. 'इन्सुलिन कायमचे बंद' अशा जाहिराती आपण पाहतो. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना आपल्या देशात १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे, तरी त्या दिसतात. त्या वाचून हताश झालेल्या आईबापांना शाळेतला शिक्षकच जवळचा वाटतो. त्यांना दोन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत. पहिली, इन्सुलिन आपल्या मनाने कधीही थांबवू नये. दुसरी, मुलाचा मधुमेह जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत सुरू झालेला असेल, तर आज तो कितीही मोठा असो, डॉक्टरांना जनुक तपासणीविषयी अवश्य विचारावे. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने अशा भारतीय मुलांच्या तपासण्या केल्या असून, त्यांतील काहींचे इन्सुलिन थांबून गोळ्या सुरू झाल्या आहेत. हा बदलही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गोळीची मात्रा हळूहळू वाढवत आणि इन्सुलिन कमी करत करायचा असतो.

मग त्या मुलीला काय सांगायचे? फळ्यावर बीटा पेशीचे चित्र काढावे. ग्लुकोज, एटीपी, पोटॅशियमची वाट आणि इन्सुलिन, एवढे पुरे. एका चित्रात वाट बिघडलेली दाखवावी, दुसऱ्यात पेशीच पुसून टाकावी. कोणत्या चित्रात गोळी उपयोगी पडेल, हे मुलांना ठरवू द्यावे. आजोबांच्या पेशी शिल्लक आहेत, हेही मग त्यांच्या लक्षात येईल. आणि वर्गात इन्सुलिन टोचून घेणारे एखादे मूल बसलेले असेल, तर त्याला सुई का सोडता येत नाही हे बाकीच्यांना त्याच्या बाजूने समजेल.