छळछावणीच्या वाटेवरचं हसू

नाझी छळावर विनोदी चित्रपट काढावा का, हा वाद रोबेर्तो बेनिनीच्या 'लाइफ इज ब्यूटिफुल'ने (१९९७) पुन्हा पेटवला आणि तो अजून तिथेच अडकून पडला आहे. वाद जुनाच. छावण्यांतलं खरं भीषण वास्तव ठाऊक असतं तर 'द ग्रेट डिक्टेटर' (१९४०) आपल्या हातून झाला नसता, असं चॅप्लिननेच पुढे आत्मचरित्रात लिहिलं. मला वाटतं, प्रेक्षकाला फुटलेलं हसू त्याला त्या दुःखापासून सोडवतं की त्यात आणखी गुंतवतं, हे आधी पाहावं.

या कसोटीवर सर्वांत थोर ठरतो १९६५चा 'द शॉप ऑन मेन स्ट्रीट'. दिग्दर्शक यान काडार आणि एल्मार क्लोस. काडारचे आईवडील ऑशविट्झमध्ये मारले गेले होते. काळ १९४२चा, जर्मनीच्या कच्छपी लागलेल्या स्लोव्हाकियातलं लहानसं गाव. टोनो हा गरीब सुतार. साडूच्या वशिल्याने त्याची एका ज्यू विधवेच्या बटणांच्या दुकानावर 'आर्य' व्यवस्थापक म्हणून नेमणूक होते. म्हातारी बहिरी. सरकारी हुकूम तिच्या डोक्यात शिरतच नाही. हा आपला नवा मदतनीस, अशी तिची समजूत. दुकान तर केव्हाच बुडालेलं, तिचंच पोट ज्यू समाजाच्या मदतीवर चालतं. तिला त्रास होऊ नये म्हणून तेच लोक टोनोला पगार द्यायला तयार होतात! बराच वेळ हे चक्क प्रहसन आहे. आपण मनमुराद हसतो, आणि हसता हसता टोनोवर आपला जीव जडतो.

मग गावातल्या ज्यूंना हाकलून नेण्याचा दिवस उजाडतो. हाच भला माणूस दारू ढोसून, जीव मुठीत धरून, म्हातारीला लपवावं की हवाली करावं या घोळात तिच्यावरच ओरडत सुटतो. घाबरून तो तिला कोठडीत ढकलतो, त्यात ती मरते, आणि तो गळफास घेतो. ज्या बहिरेपणावर आपण हसलो, त्याच बहिरेपणामुळे तिला काही समजावता येत नाही. विनोदाचं सगळं साहित्य तेच, तसंच आहे. इडा कामिन्स्काने ही म्हातारी अशी उभी केली आहे की तिची एकेक गैरसमजूत आठवून पुढे लाज वाटत राहते.

पूर्व जर्मनीत फ्रँक बायरने केलेला 'जेकब द लायर' (१९७४) याच कुळातला. त्याचा लेखक युरेक बेकर लहानपणी स्वतः लॉड्झच्या घेट्टोत होता. रशियन फौज जवळ आल्याची बातमी घेट्टोतल्या जेकबच्या कानावर पडते. एका तरुणाला जिवावरच्या साहसापासून रोखण्यासाठी तो म्हणतो, माझ्याकडे रेडिओ आहे. झालं! आता रोज नवी बातमी हवी, थापेला थाप जोडणं आलं. तळघरात आडोशाला बसून लहानग्या लीनासाठी तो रेडिओचे आवाज काढतो तेव्हा हसू आवरत नाही. पण थकून मित्राला खरं सांगितल्यावर तो मित्र जीव देतो. विनोद इथे माणसांना जगवणारी गोष्ट आहे, म्हणून तो संपला की माणसं मरतात.

छावणी म्हणजे एक खेळ, असं खोटं बेनिनीचा बापही मुलासाठी रचतो, पण तिथे छावणीच त्याच्या खेळासाठी जागा करून देते. जर्मन अधिकाऱ्याच्या धमक्यांचं तो खेळाच्या नियमांत भाषांतर करतो, तो प्रसंग बुद्धिमान आहे. पण पाठोपाठ प्रत्येक युक्ती फळत गेली की भीती पातळ होते. एक प्रसंग मात्र मी विसरू शकत नाही. जुना ओळखीचा डॉक्टर लेसिंग छावणीत भेटतो, महत्त्वाचं बोलायचंय म्हणतो. सुटकेची आशा लागते. आणि डॉक्टर एका न सुटलेल्या कोड्याचं उत्तर मागतो, कळवळून. हॉटेलातली गोड ओळख एका क्षणात राक्षसी होते. अख्खा उत्तरार्ध या तोलाचा हवा होता.

तायका वैतितीच्या 'जोजो रॅबिट'मध्ये (२०१९) फाशी दिलेल्या आईचे बूट दिसतात तो क्षण अस्सल आहे. तिथे चित्रपट विनोद थांबवण्याचं धैर्य दाखवतो. बाकी त्यातले नाझी बहुतांशी खुळे किंवा मनाने चांगले. खुळ्यांना हसणं सोपं जातं, कारण त्यांच्यात आपण स्वतःला शोधत नाही. एर्न्स्ट लुबिचने १९४२ साली, युद्ध चालू असताना, 'टू बी ऑर नॉट टू बी'मध्ये नाझींना हास्यास्पद केलं तेव्हा ते सत्तेवर होते आणि हसण्यात प्रतिकार होता. आज पडद्यावर हवा आहे तो टोनो: भित्रा, प्रेमळ, साडूच्या मेहेरबानीवर जगणारा.